शेकाने गेलेलं आतडं कुठे कापायचं?

शस्त्रक्रियेत समोर दिसतोय तो हा करडा, जाडसर भाग लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाचा, शेकाने म्हणजे कर्करोगावरच्या किरणोपचाराने खराब झालेला. वरचं गुलाबी, मऊ आतडं त्याच पोटातलं, पण किरणांच्या टप्प्याबाहेर राहिलेलं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ओटीपोटाला बाहेरून 45 ते 50 ग्रेचे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं एकक) शेक देतात, रोज थोडे, सुमारे पाच आठवडे. त्यात आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्या बुजू लागतात. भिंत कडक होते, नळी अरुंद. त्रास काही महिन्यांनी सुरू होतो, कधी वीस वर्षांनी.

आतडं फुटलेलं नसेल, पूर्ण तुंबलेलं नसेल, तर शस्त्रक्रियेची घाई नको. आधी शिरेतून पोषण. सीटी स्कॅनवर अडथळ्याची जागा बघायची, आणि कर्करोग परतलेला नाही ना, तेही. मूत्रवाहिन्यांत स्टेंट, म्हणजे बारीक नळ्या, आधीच घातलेत, चिकटलेल्या गुंत्यात त्या हाताला लागाव्यात म्हणून.

कात्री बघा, ओटीपोटाच्या तळाशी उतरत नाहीये. तिथे आतडी एकमेकांना आणि मूत्राशयाला चिकटलेली असतात. ओढली की ओल्या कागदासारखी फाटतात, आणि शेकलेल्या भिंतीवर घातलेले टाके धरतीलच असं नाही. सगळं सोडवून दाखवायची हौस इथे महागात पडते.

आता शिरेतून इंडोसायनिन ग्रीन हा चमकणारा रंग. खास कॅमेऱ्यात रक्त पोचलेला भाग हिरवा चमकतो, करडा भाग काळाच राहतो. पण चमक म्हणजे आजचा रक्तपुरवठा. भिंतीने किती किरणं सोसली ते ती सांगत नाही. म्हणून काळ्या-हिरव्याच्या सीमेवर कापायचं नाही, बरंच पुढे जायचं. शेवटचं लहान आतडं, सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) आणि उजवीकडचं मोठं आतडं एकत्रच काढलं. उरलेली आतडी जोडताना जोडाचं किमान एक टोक तरी न शेकलेलं हवं. इथे ते आडव्या मोठ्या आतड्याचं आहे. ते खाली लोंबत नसेल तर सहसा किरणांपासून वाचतं.

उरलेलं लहान आतडं मोजून नोंदवायचं. 200 सेंटीमीटरच्या खाली गेलं तर पोषण कमी पडण्याचा धोका.

गुंता सुटण्यापलीकडचा असेल तर तो भाग आत ठेवून बायपास करतात, म्हणजे त्याला वळसा घालून पुढचं-मागचं आतडं जोडतात. शस्त्रक्रिया सोपी, पण मागे ठेवलेलं आतडं पुढे रक्तस्राव करू शकतं, फुटूही शकतं.

जोड गळला तर पुन्हा पोट उघडून स्टोमा, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढायचं. लहान आतड्याचं शेवटचं टोक गेल्यावर बी-12 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं बहुधा कायमची, आणि पित्तक्षारांमुळे होणाऱ्या जुलाबांवर कोलेस्टिरामिन हे औषध.