जुना टीपॉय, कमी बजेट: रंगाचा डबा उघडायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी! हा समोर ठेवलाय तो टीपॉय सेकंडहँड आहे. वरती दोन पांढरी वर्तुळं, एक काळा डाग, एक पाय डुगडुगतोय आणि पॉलिश असं की हात लावला की चिकट लागतं. तरी मी तो घेतला. का घेतला ते आधी सांगते, कारण कमी पैशात मेकओव्हर करायचा तर अर्धं बजेट वस्तू निवडतानाच वाचतं नाहीतर बुडतं, रंग वगैरे नंतरची गोष्ट.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे टीपॉय उलटा करायचा. वरून सगळेच पुसून चकचकीत करून देतात, खालून कुणी काही करत नाही, म्हणून खरं काय ते खालून कळतं. बारीक बारीक भोकं आणि त्यांच्याजवळ पिठासारखी ताजी भुकटी दिसली तर आत कीड जिवंत आहे, असा टीपॉय फुकट मिळाला तरी घरात आणू नका, बाकीच्या फर्निचरला लागेल. भुशाच्या बोर्डाचा असेल आणि कड पाण्याने फुगलेली असेल तर तेही सोडून द्या, फुगलेला बोर्ड परत बसत नाही, कितीही लांबी (पुट्टी) भरा. जाड, पोपडे उडालेला खूप जुना रंग असेल तरी मी नाही घेत, जुन्या रंगांमध्ये शिसं असू शकतं आणि ते घासून त्याची धूळ घरभर करणं बरोबर नाही, विशेषतः लहान मुलं असतील तर. पण पाय हलतोय, सांधा ढिला झालाय, स्क्रू निघालाय, हे सगळं चालतं. उलट डुगडुगणारा टीपॉय स्वस्तात मिळतो आणि तेच दुरुस्त करायला सगळ्यात सोपं असतं.

आणि टेप घेऊन जा. टीपॉयची उंची सोफ्याच्या सीटएवढी किंवा एक-दोन इंच कमी असली की हाताला बरी पडते, साधारण 16 ते 18 इंच. सोफा आणि टीपॉयच्या मध्ये 14 ते 18 इंच जागा राहिली पाहिजे. घरी आणल्यावर गुडघे आपटायला लागले तर मेकओव्हरचा काही उपयोग नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर मी जरा वेळ घेणार आहे. वरचा भाग कसला आहे ते ओळखायचं. कडेला बघा, असं जवळून. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरत असतील तर अख्खं लाकूड. कडेला एक बारीक सांध्याची रेघ दिसते आणि वरच्या रेषा तिथेच थांबतात, तर ते व्हेनीअर, म्हणजे साध्या लाकडावर किंवा प्लायवर चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा. आणि नखाने टकटक केल्यावर प्लास्टिकसारखं वाटलं, डिझाईन तेच तेच परत येतंय, तर लॅमिनेट, ज्याला आपण सरसकट सनमायका म्हणतो. हे तिन्ही वेगळे आहेत आणि तिघांना वेगळी वागणूक लागते. व्हेनीअरची जाडी बरेचदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, अर्धा मिलिमीटर! माझ्या पहिल्या टीपॉयवर मी मशीन लावून 80 नंबरचा, म्हणजे चांगलाच खरखरीत, पॉलिश पेपर फिरवला (नंबर जेवढा मोठा तेवढा पेपर बारीक) आणि मिनिटभरात व्हेनीअर पार करून खालचं फिकट लाकूड वर आलं, एवढा सुंदर वरचा भाग गेला आणि शेवटी सगळ्यावर गडद रंग मारावा लागला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून व्हेनीअर असेल तर मशीन नाहीच, 180 किंवा 220 चा पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून हाताने, रेषांच्या दिशेने, आणि कडांपाशी तर अगदी हलका हात, कारण सगळ्यात आधी कडाच उघड्या पडतात.

मग जुनं पॉलिश कसलं आहे ते. खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन थोडं चोळा. चिकट होऊन बोळ्यावर रंग आला तर ते चपडी लाखेचं पॉलिश, म्हणजे फ्रेंच पॉलिश. असं निघालं तर खूश व्हा, कारण लाख स्पिरिटमध्ये परत विरघळते, म्हणजे सगळं खरवडून न काढता जुन्या थरावरच नवा हात देता येतो, तो नवा थर जुन्यात मिसळून जातो. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडलं तर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारं पॉलिश. दोन्हीला दाद देत नसेल तर बहुतेक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं कडक पॉलिश, किंवा तसलंच काहीतरी. हे करताना खिडक्या उघड्या, हातात ग्लोव्हज, आणि आसपास गॅस, काडी, उदबत्ती काही नको, दोन्ही भसकन पेटतात.

आता साफसफाई. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब, कपडा घट्ट पिळून पुसायचं, मग साध्या पाण्याचा कपडा, मग कोरडा. नंतर मिनरल टर्पेंटाइनचा एक हात, कारण वर्षानुवर्षं लोकांनी फर्निचर चमकवायचे स्प्रे मारलेले असतात, त्यातलं सिलिकॉन राहिलं तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडतात आणि तो रंग मग धरतच नाही. माझ्या ह्या टीपॉयचा चिकटपणा या एका पायरीनेच गेला. खरं सांगते, कधीकधी एवढं केल्यावर लक्षात येतं की रंगवायची गरजच नाही, खालचं लाकूड छान आहे, नुसती घाण बसली होती. म्हणून रंग आधी विकत आणू नका ना, आधी पुसून बघा.

डाग. पांढरं वर्तुळ म्हणजे ओलावा पॉलिशच्या थरातच अडकलाय, लाकडापर्यंत गेलेला नाही. त्यावर सुती कपडा ठेवून कोमट इस्त्री, वाफ बंद, दोन-तीन सेकंद, उचलून बघायचं, परत दोन-तीन सेकंद. माझी दोन्ही वर्तुळं अशीच गेली. काळा डाग वेगळा, तिथे पाणी लाकडात उतरलंय आणि लाकडातल्या टॅनिनची, म्हणजे लाकडात मुळातच असलेल्या तुरट द्रव्याची, लोखंडाशी प्रक्रिया झालीये, कुठल्यातरी लोखंडी कुंडीचा किंवा डब्याचा असणार. तो घासून जात नाही, खोल असतो. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, पाण्यात विरघळवून, पॉलिश काढलेल्या उघड्या लाकडावर. हे विषारी आहे बरं का, ग्लोव्हज, गॉगल, मुलं आणि प्राणी लांब, आणि नंतर दोन-तीनदा पाण्याने नीट पुसून वाळू द्यायचं, त्याआधी पेपर मारायचा नाही, नाहीतर ती पूड नाकात जाते.

पायाचं बघू. आधी पाय ढिला आहे की आखूड आहे ते ठरवा, दोन्हीत टीपॉय डुगडुगतो पण उपाय वेगळे. आखूड असेल तर खाली फेल्ट पॅडचा एखादा जास्त थर लावा, बाकीचे पाय कापत बसू नका. ढिला असेल तर सांधा पूर्ण सोडवायचा आणि जुना वाळलेला गोंद पातीने खरवडून काढायचा. हे बहुतेक लोक करत नाहीत, नुसता नवा फेविकॉल आत ओततात आणि दोन महिन्यात परत पाय हलतो, कारण पांढरा गोंद वाळलेल्या गोंदाला नीट धरत नाही, त्याला लाकूड लागतं. क्लॅम्प नसेल तर विकत आणू नका, दोरीचे दोन वेढे पायांभोवती घ्या, मध्ये काठी घाला आणि पीळ देत जा, दोरी मस्त आवळली जाते. कोपऱ्यांवर कपड्याच्या घड्या ठेवा म्हणजे वळ उठणार नाहीत. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या कपड्याने पुसा, आणि 24 तास हात लावू नका. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर आगकाडीचा गुल काढून गोंदात बुडवून भोकात ठोकायची, लागल्या तर दोन-तीन, वाळल्यावर परत तोच स्क्रू घट्ट बसतो.

आता रंग. मला स्वतःला वरचा भाग लाकडाचाच ठेवून फक्त पाय आणि खालची चौकट रंगवायला आवडतं, कमी रंग लागतो आणि दिसतंही छान. पायांसाठी कुणाच्या घरी उरलेला अर्धा डबा, किंवा दुकानात चुकीचा मिक्स होऊन पडून राहिलेला रंग कधीकधी स्वस्तात मिळतो, तेवढाही पुरतो. पण प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधी द्यायचा थर, आणि वरचा शेवटचा कोट यात काटकसर करू नका, टीपॉयवर कप आपटतात, पाय ठेवले जातात, रोज पुसला जातो, तो मार हे दोन थर खातात. लॅमिनेट असेल तर 220 ने चमक जाईपर्यंत घासायचं आणि गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमरच घ्यायचा, मग एका कोपऱ्यात लावून दिवसभर वाळवून नखाने ओरखडा काढून बघायचा. निघाला तर पुढे जाऊ नका, परत घासा. गडद लाकडावर पांढरा रंग देणार असाल तर अजून एक, टॅनिन वर येऊन पिवळट तपकिरी डाग उमटतात, कितीही कोट द्या, त्याला लाखेचा प्रायमर अडवतो.

किती लागेल? 4 फूट बाय 2 फुटांचा वरचा भाग म्हणजे 8 चौरस फूट, पाऊण चौरस मीटरच्या आत. एका लिटरमध्ये साधारण 10 चौरस मीटरचा एक कोट होतो असं धरलं, तर तीन कोटांना पाव लिटरच्या आसपास लागतं. मग लिटरचा डबा कशाला? तुमच्या डब्यावर आकडा असतो तो बघून हाच हिशोब करा, मी तर म्हणते बजेटमधला सगळ्यात जास्त वाया जाणारा पैसा अर्धवट भरलेल्या डब्यांमध्ये असतो.

शेवटच्या कोटासाठी वॉटर बेस पीयू घेतलंय, कारण ऑइल बेस काळाने पिवळं पडतं, गडद लाकडावर ते छान दिसतं पण फिकट रंगावर नाही. फोमचा 4 इंची रोलर, पातळ कोट, मध्ये 320 चा हलका हात, धूळ पुसायची, परत कोट. जाड एक कोट दिला तर वरून वाळतो, आतून मऊच राहतो आणि ओघळ येतात ते वेगळे. आणि कुणी अळशीचं तेल वापरणार असाल तर त्या तेलकट चिंध्या गोळा करून टाकून देऊ नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत एकेक चिंधी सपाट पसरून कडक वाळू द्या, मगच टाका.

हाताला कोरडं लागलं म्हणजे झालं असं नाही. तास-दोन तासात कोरडं लागेल पण पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर वर्तमानपत्रसुद्धा ठेवू नका, चिकटतं. माझ्या ह्याला आज नऊ दिवस झालेत म्हणून बघा, वर काहीच नाहीये.

आता फक्त तो काळा डाग. दोनदा ॲसिड लावलं, बराच उतरला, पण इथे बघा, कॅमेरा जरा खाली घेते, इथे अजून फिकट करडी सावली आहे. तिसऱ्यांदा लावलं असतं तर कदाचित गेलीही असती, पण आजूबाजूचं लाकूड फिकट पडायला लागलं होतं, म्हणून मी तिथेच थांबले आणि पॉलिश दिलं. मला ती सावली आवडते आता.