मुजोर कोणाला म्हणायचे?

नमस्कार. पेरणी तोंडावर आली आणि पीककर्जाचे वाटप रखडले, की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत ‘बँकांची मुजोरी’ असे मथळे दिसू लागतात. आज याच शब्दाविषयी बोलू.

‘मुजोर’ हा ‘मुँहजोर’चा मराठीत रुळलेला अवतार. तोंडाचा जोर ज्याला आवरत नाही, लगाम खेचला तरी जो वळत नाही, तो घोडा मुँहजोर. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत अजूनही घोड्यांचा बाजार भरतो, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण लगाम आहे तिथे तो धरणारा हातही आला. म्हणूनच ‘मुजोर’ म्हणजे नुसता हट्टी नव्हे. हट्टी मुलाविषयी बोलताना आईच्या स्वरात थोडे कौतुक असते. मुलाला मुजोर म्हटले, की ते कौतुक संपते. कोडग्या माणसाला बोललेले लागत नाही, तर मुजोर माणूस उलट आपल्यालाच सुनावतो. ‘याने माझे ऐकायला हवे होते’ हे बोलणाऱ्याचे गृहीतक या शब्दात दडलेले असते, आणि ते दर वेळी खरे असतेच असे नाही.

हैदराबाद संस्थानात 1938 साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी बंदी झुगारून ‘वंदे मातरम्’ म्हटले, त्यासाठी विद्यापीठातून निष्कासन पत्करले आणि त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे नागपूर विद्यापीठात शिक्षण सुरू ठेवले. निजामाच्या अधिकाऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले तर ती मुजोरीच ठरेल. मराठवाड्यात मात्र त्या कृतीला कोणी हा शब्द लावणार नाही, कारण तिथे लगाम धरण्याचा हक्कच आपल्याला मान्य नाही.

मथळ्यांतली मुजोरी मला योग्य वाटते, ती याच कारणाने. पूर्वी सावकार कुळाला मुजोर म्हणे. आता खातेदार बँकेला म्हणतो, कारण बँक त्याला उत्तर देण्यास बांधील आहे. हक्काचे पैसे मागणाऱ्या शेतकऱ्यालाच एखादा साहेब मुजोर म्हणतो, तेव्हा मात्र शब्द उलटा धरलेला असतो. (‘चोर तो चोर, वर शिरजोर’ ही म्हण तिथे अधिक शोभते, पण ती साहेबाला कोण ऐकवणार?)

वापराचे म्हणाल, तर मुजोरी करतात, खपवून घेतात, उतरवतात. तक्रार अर्जात मात्र हा शब्द टाळावा. तिथे कर्मचारी नेमके काय बोलला, कोणत्या तारखेला आणि कोणासमोर, एवढे लिहावे.