घरच्या संगणकाचा बॅकअप: दुसरी प्रत किती लांब असावी?

नमस्कार. घरातल्या संगणकावर साठलेले फोटो, कागदपत्रे, मुलांचे प्रकल्प आणि हिशेबाच्या फायली यांचा बॅकअप कसा घ्यावा, हा आजचा विषय आहे. हा व्हिडिओ नाशिकच्या घराघरांतले संगणक डोळ्यांपुढे ठेवून तयार केला आहे, त्यामुळे उदाहरणेही इथलीच येतील.

(उघडलेली निकामी हार्ड डिस्क कॅमेऱ्याजवळ धरून)

ही बंद पडलेली हार्ड डिस्क मी मुद्दाम उघडली आहे. आरशासारख्या चकाकणाऱ्या या तबकड्या चालू असताना मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात. या बारीक दांडीच्या टोकावर माहिती वाचणारे शीर्ष आहे. फिरत्या तबकडीला न टेकता, तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर ते तरंगत असते. धक्का बसून ते टेकले, तर तबकडीवर ओरखडा उमटतो आणि त्या जागेवरची माहिती जाते. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर संगणक ताबडतोब बंद करावा आणि दुरुस्तीचे कोणतेही सॉफ्टवेअर तिच्यावर चालवून पाहू नये, कारण अशी डिस्क जितका वेळ फिरेल तितके नुकसान वाढत जाते.

ही डिस्क दाखवण्याचे खरे कारण वेगळे आहे. आपल्याकडे संगणक जोडून देणारे विंडोज टाकतानाच डिस्कचे सी, डी आणि कधी ई असे भाग पाडून देतात. मग डेस्कटॉपवरचे फोटो डी ड्राइव्हमध्ये कॉपी केले की बॅकअप झाला, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते. पण सी आणि डी हे दोन्ही भाग याच तबकड्यांवर, याच मोटरवर आणि खालच्या याच सर्किटवर अवलंबून असतात. डी ड्राइव्हचा उपयोग एवढाच की विंडोज बिघडून नव्याने टाकावे लागले आणि फक्त सी फॉरमॅट केला, तर डीमधल्या फायली वाचतात. डिस्कच गेली तर दोन्ही भाग एकाच क्षणी जातात. आपल्या संगणकात खरोखर दोन डिस्क आहेत की एकाच डिस्कचे दोन भाग आहेत, हे विंडोजमधले डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहावे. तिथे डिस्क 0 आणि डिस्क 1 अशा वेगळ्या ओळी दिसल्या, तरच त्या दोन वस्तू आहेत.

एसएसडी, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली म्हणून काळजी मिटत नाही. तिच्यात फिरणारे काही नसल्याने ती धक्क्याला पुष्कळ अधिक टिकते, हे खरे आहे; पण बंद पडताना ती अनेकदा कोणतीही पूर्वसूचना देत नाही, आणि चुकून पुसलेल्या फायली, पुसलेली जागा आतून साफ करून टाकणाऱ्या ट्रिम या व्यवस्थेमुळे, तिच्यातून परत मिळण्याची शक्यता फार कमी राहते.

बॅकअपचा विचार करताना मला एकच प्रश्न सर्वांत उपयोगी वाटतो: एखादे संकट आले, तर त्याचा हात कुठपर्यंत पोहोचेल, आणि माझी दुसरी प्रत त्या हाताच्या पलीकडे आहे का?

डिस्क बिघडण्याचे संकट त्या डिस्कपुरतेच असते, त्यामुळे बाहेरची एखादी हार्ड डिस्क त्यावर पुरेशी ठरते. मात्र ती कायम संगणकाला जोडून ठेवली, तर वळवाच्या पावसात कडाडणारी वीज आणि वारंवार जाऊन दणक्यात परतणारा पुरवठा यांचा फटका दोन्ही डिस्कना एकाच वेळी बसू शकतो. खंडणी मागणाऱ्या व्हायरसचेही तेच. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्याने संगणकाला जोडलेल्या ड्राइव्हवरील फायलींनाही कुलूप लावले. म्हणून बॅकअपची डिस्क काम झाल्यावर इजेक्ट करून, वायर काढून कपाटात ठेवावी. ही सवय फुकट आहे आणि माझ्या मते कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा अधिक मोलाची आहे.

त्यापुढचे संकट घरावरच येते. आग, चोरी आणि आपल्या शहरात पूर. ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 मध्ये गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, आलेले पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारात शिरले होते. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागले की काठावरचे दुकानदार माल वर हलवू लागतात, पण त्या धावपळीत टेबलाखालचा सीपीयू आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क कोणाला आठवेलच असे नाही. नदीकाठच्या जुन्या नाशकात राहणाऱ्यांनी एक प्रत सिडकोत, इंदिरानगरला किंवा सिन्नरला राहणाऱ्या बहिणीकडे, काकांकडे ठेवावी. येण्याजाण्याचे घर असेल तर डिस्क अदलाबदल करणेही सोपे जाते.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला 3-2-1 हा नियम हेच सांगतो: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर.

घराबाहेरची प्रत क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जागेत, ठेवता येते का, असे अनेक जण विचारतात. ठेवता येते, पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. गूगलच्या खात्यात मिळणारी 15 जीबी मोफत जागा ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो या तिघांत मिळून असते, आणि मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर ती 5 जीबी असते. लग्नाचे व्हिडिओ त्यात मावणार नाहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. संगणकावरचे फोल्डर क्लाउडशी सतत जुळवत राहणे म्हणजे सिंक, आणि सिंकमध्ये आपण इथे फाइल पुसली की ती तिथूनही पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती 30 दिवस राहते आणि नंतर कायमची जाते. आपल्या स्वतःच्या हातून होणारी चूक कितीही लांबच्या प्रतीपर्यंत पोहोचू शकते. तिच्यापासून वाचवते ती जुनी प्रत, म्हणजे गेल्या महिन्याची किंवा गेल्या वर्षीची. म्हणून नवा बॅकअप घेताना जुन्यावर तो चढवू नये. तारखेच्या नावाने वेगळे फोल्डर करावे आणि जागा संपत आली की सर्वांत जुने फोल्डर काढावे.

आता प्रत्यक्ष काम. संगणकावर 200 जीबी माहिती आहे, असे धरू. बाहेरची हार्ड डिस्क यूएसबी 3 च्या पोर्टला जोडली आणि सेकंदाला 100 एमबीचा वेग मिळाला, तर सुमारे 35 मिनिटे लागतील. हे पोर्ट पुष्कळदा आतून निळे असते. तीच डिस्क जुन्या यूएसबी 2 च्या पोर्टला जोडली, तर वेग 30 एमबीच्या आसपास राहतो आणि काम पावणेदोन-दोन तासांवर जाते. बारीक फायली हजारोंनी असतील तर याहूनही वेळ लागतो. एवढीच माहिती 50 एमबीपीएसच्या (सेकंदाला 50 मेगाबिट, म्हणजे सुमारे 6 एमबी) अपलोड वेगाने क्लाउडवर चढवायला सलग नऊ तास हवेत. डिस्क जर एफएटी 32 पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर 4 जीबीहून मोठी फाइल तिच्यावर जाणारच नाही. अशा वेळी ती रिकामी असतानाच एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्यावी.

विंडोजमध्ये फाइल हिस्टरी ही सोय आहे. बाहेरची डिस्क जोडलेली असताना ती बदललेल्या फायलींच्या आवृत्त्या आपोआप, मूळ सेटिंगनुसार दर तासाला, साठवते. मात्र ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशी ठरावीक फोल्डरेच पाहते. आपला सगळा संसार डी ड्राइव्हवर असेल, तर तो फोल्डर विंडोजच्या लायब्ररी या यादीत समाविष्ट केल्याशिवाय त्याची प्रत निघत नाही, आणि पडद्यावर मात्र बॅकअप झाल्याची वेळ दिसत राहते. मॅकवर हेच काम 2007 पासून टाइम मशीन करते.

मराठी घरांत आणखी एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे फॉन्ट. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेली पत्रे, लग्नपत्रिका, सोसायटीची इतिवृत्ते अजून अनेकांकडे आहेत. फाइल डीवर असते, पण फॉन्ट सीवरच्या विंडोजच्या फोल्डरमध्ये असतो. विंडोज नव्याने टाकले की फाइल शाबूत राहते आणि उघडल्यावर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग दिसतो. तेव्हा ते फॉन्ट वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यावेत, महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ करून ठेवावी आणि सवड काढून तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्यावा. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचेही असेच: नुसते फोल्डर उचलण्याऐवजी त्याच्यातल्याच बॅकअपच्या सोयीने प्रत काढावी, म्हणजे ती परत भरताना अडत नाही. निफाड-दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार फवारणीच्या नोंदी एक्सेलमध्ये ठेवत असतील, तर निर्यातीच्या हंगामात त्या फायलीची प्रत रोजच्या रोज काढलेली बरी.

प्रत काढली, म्हणजे ती वाचता येते असे नाही. वीजबिल भरण्याच्या दिवशी बॅकअपच्या डिस्कवरच्या तीन-चार फायली, शक्यतो दुसऱ्या संगणकावर, उघडून पाहाव्यात. नाव दिसले म्हणून थांबू नये. फोटो पूर्ण उमटतो का, व्हिडिओ मधूनही चालतो का, हे पाहावे. त्याच वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची प्रकृती तपासावी. रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर या ओळीतला आकडा वाढत चालला असेल, तर डिस्क आपले खराब झालेले कप्पे बदलत आहे असे समजावे आणि नवी डिस्क घेण्याची तयारी करावी.

नातेवाइकांकडे ठेवण्याच्या डिस्कवर आधारकार्ड, पॅनकार्ड, बँकेची विवरणपत्रे असतात, म्हणून तिला पासवर्डचे संरक्षण हवे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर आहे. होम आवृत्तीत बाहेरची डिस्क त्याने कुलूपबंद करता येत नाही, तिथे व्हेराक्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. बिटलॉकर 48 अंकी रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरला तर कुलूप उघडणारा क्रमांक, देतो. ती त्याच संगणकावर साठवून उपयोग नाही. कागदावर छापून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावी, आणि ती कुठे आहे हे घरातल्या किमान आणखी एका माणसाला सांगून ठेवावे.