ठसका लागत नाही म्हणून

(दृश्य: सकाळचे अकरा. मागाचा खडखडाट लांबून ऐकू येतो. स्वयंपाकघरात एकच ताट.)

सोलापूरच्या पूर्व भागातलं हे घर. ताटात कडक भाकरी, शेंगा चटणी, वाटीत आमटी. अण्णांचं उभं आयुष्य यंत्रमागावर चादरी विणण्यात गेलं. मग उजवा हात थरथरू लागला आणि पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं. गोळ्यांनी हात बराच आटोक्यात आहे. पण आज हाताकडे नको, घशाकडे बघा.

घास तोंडात गेलाय. अण्णा चावतायत, चावतच राहतायत. जीभ घास मागे ढकलते, तो परत पुढे येतो. कंठमणी वर सरकायला हवा, तो उशिरा सरकतो. एका घासासाठी तीनदा गिळावं लागतं.

सूनबाई सांगतात, "भाकरी हल्ली मागतच नाहीत. मी आमटीत कुस्करून देते. वय झालं, खाणं कमी झालं."

वय झालं. या दोन शब्दांत किती काय झाकून जातं!

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं. घास गिळायला होणारा त्रास आणि गळणारी लाळ, दोन्हींची नोंद त्यात आहे. लाळ जास्त तयार होते म्हणून गळते असं नाही. ती वेळच्या वेळी गिळली जात नाही. तरीही दवाखान्यात चाल बघितली जाते, हात बघितला जातो आणि जेवणाचं विचारायचं राहून जातं. रुग्णही आपणहून बोलत नाहीत. नुसतं विचारलं तर तिघांतला एक जण त्रास होतो म्हणतो. यंत्राने तपासलं तर पाचांपैकी चौघांत दोष सापडतो.

असं का होतं? कारण स्नायूंबरोबर घशाची जाणीवही मंदावते. पाण्याचा थेंब श्वासनलिकेत उतरतो आणि ठसकासुद्धा लागत नाही. हे फुप्फुसात साठतं, न्यूमोनिया होतो. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मृत्यूमागचं हे एक मोठं कारण आहे. म्हणूनच "ठसका लागत नाही, म्हणजे सगळं ठीक" हे वाक्य ऐकलं की धडकी भरते.

(दृश्य: तपासणीची खोली. टेबलावर पाण्याचा ग्लास.)

बोलण्याबरोबर गिळणंही तपासणारे स्पीच थेरपिस्ट आधी प्रश्न विचारतात. जेवायला किती वेळ लागतो? गोळी घशात अडकते का? वजन उतरलंय का? सारखा ताप येतो का? मग ९० मिलिलिटर पाणी, न थांबता प्यायचं. मध्येच थांबले, खोकले, किंवा नंतर आवाज पाणी भरल्यासारखा घरघरला, तर पुढची तपासणी: नाकातून बारीक दुर्बीण घालून, किंवा एक्स-रेत दिसणारं बेरियम पाजून हलत्या एक्स-रेवर. ही पाण्याची चाचणी घरी करून बघू नका. आणि ती पार पडली तरी शंका असेल तर पुढची तपासणी मागून घ्या, कारण बिनठसक्याची गळती तिच्यातून निसटू शकते.

अण्णा अर्ध्या ग्लासावर थांबले. थेरपिस्टने "आ" म्हणायला लावलं. आवाज ओला होता.

सूनबाईंना धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. पातळ म्हणजे सोपं, असं समजून त्या आमटी, ताक पातळ करून देत होत्या. पण पातळ पदार्थ वेगाने घसरतो, मंद घशाला तो सावरत नाही. पातळ आमटीत तरंगणारे भाकरीचे तुकडे तर आणखी अवघड, कारण पाणी आणि तुकडा दोन्ही एकदम सांभाळावे लागतात. शेंगांचा कोरडा कूट घशात रेंगाळतो. आणि फुलपात्र वर धरून, मान मागे टाकून पाणी पिण्याची आपली जुनी सवय! मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट उघडी पडते.

नेमकं किती दाट द्यायचं, मान कशी ठेवायची, हे तपासणीनंतरच ठरतं आणि प्रत्येकाचं वेगळं असतं. जेवणाची वेळ मात्र लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सन्सवरच्या मुख्य गोळीचा, असर असतानाची हवी. गोळी साधारण अर्धा तास आधी, कारण डाळी-दाण्यातली प्रथिनं तिच्या शोषणात आड येतात. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

(दृश्य: तेच स्वयंपाकघर. टीव्ही बंद.)

आज ताटात मऊ, एकजीव खिचडी आहे. अण्णा ताठ बसलेत. सूनबाई समोर बसल्यात, घाई नाही. एक घास. कंठमणी वर गेला, खाली आला. मग दुसरा.

"शेंगा चटणी?" अण्णा विचारतात.

"दह्यात वाटून देऊ का, ते विचारते त्यांना," सूनबाई म्हणतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या तपासणीच्या तारखेखाली लिहून ठेवतात.