बिथुनियाचं बंद दार

बंधुभगिनींनो, आणि मागच्या बाकांवर बसलेल्या तरुण संघाच्या मंडळींनो,

'देवाची इच्छा कशी ओळखावी' हा विषय तुम्हीच दिलात. हा प्रश्न घेऊन पाळकांकडे येणारा माणूस बहुतेक वेळा तीनपैकी एका गोष्टीवर अडलेला असतो. आलेल्या स्थळाला होकार द्यायचा का, नोकरी बदलायची का, परदेशी जायचं का. कामवाल्या बाईंचा पगार वेळेवर द्यावा, ही देवाची इच्छा आहे का? सख्ख्या भावाशी जमिनीवरून चाललेला दावा मिटवावा का? हे विचारायला आलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. उत्तर ठाऊक असतं ना! म्हणूनच कुणी विचारत नाही.

देवाच्या इच्छेचा मोठा भाग गुपित नाहीच. न्यायाने वाग, दयेची आवड धर, देवाबरोबर नम्रपणे चाल, हे मीखा संदेष्ट्याने सांगून ठेवलंय. तुमचं पवित्रीकरण व्हावं ही देवाची इच्छा आहे, असं पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला सरळ लिहितो, आणि पुढच्याच अध्यायात म्हणतो की सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, तीही त्याचीच इच्छा. एवढं उघड लिहिलेलं आपण भराभर वाचून पुढे जातो, आणि जे लिहिलेलंच नाही ते कळावं म्हणून उपास धरतो. जाहीर इच्छा पाळायची तयारी नसेल, तर खाजगी इच्छा विचारायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता खुणा मागण्याबद्दल. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन घ्यायचं, हा प्रकार आपल्यात अजून चालतो. कुणी हटकलं की लोक गिदोनाचं नाव पुढे करतात, कारण खळ्यात लोकर ठेवून ती दवाने भिजते का, अशी खूण त्याने देवाकडे मागितली होती. शास्ते पुस्तकाचा सहावा अध्याय नीट वाचा. लोकर खळ्यात ठेवण्याआधीच देवाने गिदोनाला स्पष्ट सांगितलं होतं, जा, मी तुझ्याबरोबर असेन. गिदोनाला आज्ञा कळली होती, त्याला धीर होत नव्हता. देवाने त्याची भीती सांभाळून घेतली, एवढाच त्या गोष्टीचा अर्थ. आणि चिठ्ठ्या? यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या, खरं आहे. पण ते पेन्टेकॉस्टच्या आधी. पवित्र आत्मा उतरल्यावर मंडळीने चिठ्ठी टाकून काही ठरवल्याचं नव्या करारात एकदाही आलेलं नाही.

मग ठरवायचे कसे? यासाठी प्रेषितांची कृत्ये, अध्याय सोळा. माझ्या मते या विषयावर याहून मोलाचा उतारा नाही. साल इ. स. ५० च्या आसपास. पौल, सीला आणि तरुण तीमथ्य फ्रुगिया-गलतियाच्या मुलखातून पायी चाललेत. आशिया प्रांतात जावं, असा विचार असावा. आशिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग, इफिस त्याच प्रांतातलं. पण तिथे वचन सांगायला आत्म्याने मनाई केली. मग उत्तरेला बिथुनियाकडे वळायचा प्रयत्न केला. तिथेही येशूच्या आत्म्याने जाऊ दिलं नाही. ही मनाई नेमकी कशी झाली, आजारपण आलं, रस्ता बंद होता की मंडळीतला कुणी संदेष्टा बोलला, यावर हे पुस्तक लिहिणारा लूक एक अक्षर लिहीत नाही. आपण असतो तर त्यावरच तासभर साक्ष दिली असती!

थोडा विचार करा. हा प्रेषित पौल आहे, आणि कुठे जायचं हे त्यालाही आधी कळत नाही. तो प्रयत्न करतो, अडतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा अडतो. दोन दारं बंद झाली म्हणून तो आपल्या पाचारणावर शंका घेत नाही, घरीही परतत नाही. चालत चालत त्रोवसच्या बंदरावर येतो. पुढे समुद्र. तिथे रात्री त्याला दृष्टान्त होतो, एक मासेदोनियाचा माणूस विनवतोय, इकडे येऊन आम्हाला साहाय्य कर. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण सकाळी निष्कर्ष काढला तो 'आम्ही', असं लूक लिहितो. सगळ्यांनी मिळून विचार केला आणि मग तारू पकडलं. मला दृष्टान्त झालाय, आता कुणी बोलायचं नाही, अशी भाषा पौलाने केली नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. का, ते तुम्हाला कळलं असेल.

मासेदोनियातल्या फिलिप्पैला पोचल्यावर तो मासेदोनियाचा माणूस काही वाट पाहत उभा नव्हता. शब्बाथ दिवशी नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायका भेटल्या. त्यात लुदिया होती, जांभळी वस्त्रं विकणारी, आणि गाव कुठलं? थुवतीरा. थुवतीरा आशिया प्रांतात येतं! जिथे बोलायला मनाई झाली, तिथलीच बाई समुद्रापलीकडे पहिली विश्वासात आली. मग मार खाल्ला, तुरुंग झाला. दृष्टान्ताप्रमाणे गेलं की सगळं सुरळीत होतं, या समजुतीला तिथे जागाच नाही. पुढे आशियाचंही दार उघडलं, पौल इफिसात दोन वर्षांहून जास्त राहिला. बिथुनियाला मात्र तो गेल्याची नोंद नाही. पण पेत्राचं पहिलं पत्र काढा, पहिल्याच ओळीत बिथुनियाच्या विश्वासणाऱ्यांना सलाम आहे. तिथे देवाने काम केलं, फक्त पौलाच्या हातून नाही. हे पचवायला आपल्याला फार जड जातं.

आता आपल्या मातीतलं उदाहरण घेतो. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या पैशातून प्रवासखर्च उभा केला. बरोबर लहानगी मुलगी मनोरमा. आणि तिथे गेल्यावर कळलं की ऐकू कमी येतं, वैद्यकी जमणार नाही. झालं, दार बंद! त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे चेल्टनमला शिकू-शिकवू लागल्या. डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला म्हणून १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि तिथे बालशिक्षणाची पद्धत शिकल्या, मदतीला लोक उभे राहिले. त्यातून १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा निघाली. डॉक्टर झाल्या असत्या तर हे झालंच नसतं, असं मी म्हणणार नाही, तो हिशेब आपल्या हातात नाही. एवढंच दिसतं की पुढचं पाऊल त्यांना मागच्या पावलावर उभं राहूनच दिसलं.

वाँटेजच्या धर्मभगिनींशी त्यांचं जे वाजलं, तेही तरुणांनी वाचावं. त्या प्रेमळ बायका होत्या, पण रमाबाईंनी धर्मगुरूंचं निमूट ऐकावं, अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी पत्रात ठणकावलं की मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड आत्ता कुठे उतरवलंय, तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. सल्ला घ्यावा, जरूर घ्यावा. पण 'तुझ्यासाठी देवाची इच्छा मला कळली आहे' असं कुणी म्हणालं, मग तो पाळक असो, वडील असोत की लग्नाला मागणी घालणारा मुलगा असो, तर मुलींनो, शांतपणे म्हणा, देवाने मला अजून काही कळवलेलं नाही.

पुढची गोष्ट जमिनीची. अमेरिकेची मदत दहा वर्षांच्या बोलीवर होती. ती संपल्यावर सदनाला उत्पन्न असावं म्हणून रमाबाईंनी दौंडजवळ केडगावला जमीन घेतली, फळबागेसाठी. व्यवहारी बाई. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात मुली उपाशी मरताहेत, अशा बातम्या आल्या. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण वीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळातच गेले होते. भूक म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. त्या गेल्या आणि मुली घेऊन आल्या. पण सदन तोवर पुण्याला आलेलं, आणि पुण्यात प्लेगची धामधूम, सरकारी बंधनं, एवढ्या मुलींना शहरात ठेवायची सोय नाही. तेव्हा कामी आली ती केडगावची जमीन. आधी तंबू आणि झोपड्या, मग 'मुक्ती' नावाची संस्था. दुष्काळात जावं की नाही, याचं उत्तर त्यांना उपाशी मुलीकडे पाहून मिळालं, आणि जमीन आधीच नावावर होती!

त्याच मनोरमाबाई आईचं काम पुढे नेणार होत्या. १९२१ साली त्या आईआधी गेल्या. अशा वेळी आपण पटकन म्हणतो, 'देवाची इच्छा'. मयताच्या घरी हे वाक्य बोलणं कृपा करून थांबवा. मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसून राहिले, तोवर ठीक होतं. तोंड उघडून त्यांनी देवाच्या वतीने कारणं सांगायला सुरुवात केली आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला.

रमाबाईंनी मुलीच्या मृत्यूचा अर्थ लावत बसण्यापेक्षा हातातलं काम धरलं. मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणायचं चाललं होतं, केडगावच्या छापखान्यात मुक्तीतल्याच बायका खिळे जुळवत होत्या. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, त्याआधी भाषांतर हातावेगळं झालं होतं. छापलेलं पूर्ण बायबल त्यांच्या मागून, १९२४ साली बाहेर आलं.