छताची पट्टी किती रुंद असावी?

मंडळी, आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे वरचे मजले लाकडी आहेत. त्या काळच्या बांधकामात तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या, फळीची रुंदी सुताराच्या मर्जीवर फारशी नसे. ओंडका जेवढा, तेवढी फळी. आज छताला लावायच्या धातूच्या पट्ट्या 84 मिलिमीटरपासून 300 मिलिमीटरपर्यंत निरनिराळ्या रुंदीत मिळतात, त्यामुळे निवडीचा भार आपल्यावर आला आहे. इंदुरातल्या बऱ्याच कामांत ही निवड टेबलावर ठेवलेला वीतभर नमुना पाहून केली जाते, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. छत डोळ्यांपासून किती उंचावर असणार आणि किती लांबून दिसणार, यावर रुंदी ठरायला हवी.

सपाट छताकडे पाहताना डोळ्यांना आधी जाणवते ती दोन पट्ट्यांमधली फट. 84 ची पट्टी आणि 16 ची फट मिळून 100 मिलिमीटरचे एक माप होते. छत 2.7 मीटरवर आणि उभ्या माणसाची नजर दीड मीटरवर धरली, तर मधले अंतर 1.2 मीटर उरते. नऊ मीटर उंच सभागृहात तेच अंतर साडेसात मीटर, म्हणजे सहापटीहून अधिक होते. तिथे डोक्यावर पाहिले असता 100 च्या रेघा नुसत्या पोतासारख्या दिसतात. छताला पट्ट्यांचे रूप हवे असेल, तर 200 किंवा 300 कडे जावे लागते.

बसक्या, लांब मार्गिकेत मात्र रुंदीपेक्षा दिशेला महत्त्व अधिक. आडव्या बसवलेल्या पट्ट्यांच्या फटा सात-आठ मीटरांपलीकडे तिरप्या नजरेला एकमेकींत मिसळून पुसट होतात. उभ्या, म्हणजे मार्गिकेच्या लांबीच्या दिशेने, बसवल्या, तर त्याच रेघा थेट टोकापर्यंत दिसत राहतात, मार्गिका आहे त्याहून लांब भासते आणि भिंत कुठे वाकडी आहे हेही त्या रेघा चारचौघांत सांगून टाकतात. रुग्णालयाच्या मार्गिकेत मी आडव्या पट्ट्याच सुचवतो, त्याही बंद सांध्याच्या, कारण उघड्या फटीत साठलेली धूळ पुसणे अवघड जाते.

आवाजाचा हिशेब बहुधा विसरला जातो. 100 च्या मापात 16 मिलिमीटर फट म्हणजे छताचा 16 टक्के भाग उघडा, आणि वर खनिज लोकर अंथरली असेल तर आवाज तिथे शोषला जातो. तीच फट ठेवून पट्टी 300 ची केली, तर उघडा भाग जेमतेम पाच टक्के उरतो. अशा वेळी पट्टीलाच बारीक छिद्रे पाडून घ्यावी लागतात. नाहीतर प्रतीक्षागृहात शेजारच्याचे बोलणेही नीट कळत नाही.

दुकानांची गोष्ट निराळी. साड्यांच्या दुकानदाराला रुंद, चकचकीत पट्टी हवी असते आणि त्याला नाही म्हणणे सोपे नसते. पण रुंद पत्रा पातळ असेल, तर दर्शनी काचेतून तिरपा उजेड येताच त्याच्यावर लाटा दिसू लागतात. पट्टीच्या दुमडलेल्या कडा ताठ राहतात, मधला भाग डुलतो. म्हणून रुंदी वाढवली की पत्र्याची जाडी वाढवणे आलेच.

कडेच्या तुकड्यांचे गणित कागदावरच सोडवावे. खोली 4.35 मीटर रुंद असून 300 चे माप एका भिंतीपासून लावत गेलात, तर चौदा पूर्ण पट्ट्यांनंतर दुसऱ्या भिंतीशी 150 चा तुकडा उरतो आणि छत एका बाजूला सरकल्यासारखे वाटते. तेरा पूर्ण पट्ट्या मध्ये घेऊन दोन्ही कडांना 225-225 ठेवले, की छत सारखे दिसते. दिव्यांचेही तसेच: 150 चे गोल भोक 84 च्या पट्ट्यांत पाडले, तर किमान दोन पट्ट्या कापाव्या लागतात आणि त्या तिथे कमकुवत होतात, 200 च्या पट्टीत ते एकाच पट्टीत मावते.

राहिला दर. एका चौरस मीटरला 100 च्या मापाची दहा मीटर पट्टी लागते, 300 च्या मापाची सव्वातीन मीटरांच्या आसपास. रुंद पट्टीत कडा आणि मजुरी वाचतात हे खरे, पण ही बचत जाड पत्र्यावर खर्च करावी आणि निविदेत रुंदीशेजारी पत्र्याची जाडीही लिहावी. ती लिहिली नाही, तर ठेकेदार स्वस्तातला पत्रा आणणार, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.