किल्ली सापडत नाही तेव्हा

(पडद्यावर: टर्मिनल. अपडेटच्या ओळी भराभर वर सरकतात आणि थांबतात.)

‘नो पबकी’. पुढे सोळा अंक-अक्षरांचा एक क्रमांक. सही तपासता आली नाही, कारण पब्लिक की, म्हणजे सही पडताळायची किल्ली, उपलब्ध नाही.

लिनक्सवर हा संदेश आला की बरेच जण तो गप्प कसा करायचा तेच आधी शोधतात. पण इथं काहीही बिघडलेलं नाही. ओळख न पटलेला माल आत घ्यायला सिस्टिमनं नकार दिलाय, आणि तो तिनं द्यायलाच हवा.

डेबियन, उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांची पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, जगभरातल्या मिरर सर्व्हरवर (मूळ साठ्याची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर) असतात. त्यातले कित्येक विद्यापीठं आणि स्वयंसेवक चालवतात. आपला भरवसा त्या सर्व्हरवर नसतो, सहीवर असतो. रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजांच्या साठ्यात, ‘इनरिलीज’ नावाची फाइल असते, तिच्यावर रिपॉझिटरी चालवणाऱ्यांची सही. त्या फाइलीत पॅकेजांच्या याद्यांचे हॅश (मजकुरावरून गणितानं काढलेली छोटी खूण; मजकूर बदलला की ती बदलते) आणि यादीत एकेका पॅकेजचा हॅश. एक सही पटली की तिच्याखालची हजारो पॅकेजेस पडताळता येतात. किल्लीच नसेल तर पडताळणी सुरूच होत नाही.

किल्ली नसण्याचं नेहमीचं कारण साधं असतं: बाहेरची रिपॉझिटरी जोडली, तिची किल्ली जोडायची राहिली. पण कधी किल्लीच बदलते. एप्रिल २०२५ मध्ये काली लिनक्सच्या चमूला आपली साइनिंग की, म्हणजे सही करायची किल्ली, वापरता येईना. ती चोरीला गेली नव्हती, त्यांच्याच हातून सुटली होती. त्यांनी नवी किल्ली बनवली, तसं उघडपणे जाहीर केलं आणि नव्या किल्लीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख पटवणारा क्रमांक, प्रसिद्ध केला. जुन्या मशीनवर अपडेट अडणार हे त्यांनीच आधी सांगितलं. असं सांगणारे लोक सॉफ्टवेअरच्या जगात फार मोलाचे असतात.

(पडद्यावर: चार-चार अक्षरांचे दहा गट.)

हा फिंगरप्रिंट. चाळीस अक्षरं. किल्ली आणायची ती रिपॉझिटरीच्या मूळ संकेतस्थळावरून, आणि ही चाळीसच्या चाळीस अक्षरं जुळवूनच. पूर्वी शेवटची आठ अक्षरं पाहून काम भागवायची सवय होती. तीच आठ अक्षरं असलेली खोटी किल्ली साध्या ग्राफिक्स कार्डावर काही सेकंदांत बनते, हे २०१४ मध्ये दाखवून दिलं गेलं. म्हणून त्रुटीतला क्रमांक उचलून की-सर्व्हरवरून (किल्ल्यांच्या सार्वजनिक साठ्यावरून) मिळेल ती किल्ली ओढणं, हा मला उपाय वाटत नाही. आणि रिपॉझिटरीच्या ओळीत ‘ट्रस्टेड इज इक्वल टू येस’ लिहिणं म्हणजे तपासणीच बंद करणं.

किल्ली ठेवायची कुठं, हेही तितकंच महत्त्वाचं. डेबियन-उबुंटूत पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम म्हणजे ॲप्ट. त्याची ‘ॲप्ट-की’ ही जुनी कमांड किल्ली सामायिक साठ्यात टाकायची, आणि त्या साठ्यातल्या कुठल्याही किल्लीची सही कुठल्याही रिपॉझिटरीला चालायची. एखाद्या छोट्याशा प्रोग्रामसाठी जोडलेली किल्ली थेट कर्नेलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, पॅकेजलाही मान्य! म्हणून आता किल्ली ‘ईटीसी’मधल्या ‘ॲप्ट’च्या ‘कीरिंग्ज’ फोल्डरमध्ये ठेवतात आणि रिपॉझिटरीच्या नोंदीत ‘साइन्ड-बाय’ लिहून तिचा पत्ता देतात. तिचा अधिकार तेवढ्याच रिपॉझिटरीपुरता.

एवढं करूनही तोच संदेश आला, तर फाइलीच्या परवानग्या बघा. ॲप्ट सही तपासतं ते रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून नाही, मर्यादित अधिकारांच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावानं. फाइल फक्त रूटलाच वाचता येत असेल, तर किल्ली समोर असूनही त्याच्या लेखी ती नाहीच. मग एक्स्टेन्शन तपासा: मजकुरी किल्लीला ‘एएससी’, बायनरीला ‘जीपीजी’.

आर्च या लिनक्सच्या आणखी एका प्रकारावर मार्ग वेगळा. बरेच दिवस बंद असलेल्या मशीनवर आधी ‘आर्चलिनक्स-कीरिंग’ हे पॅकेज अद्ययावत करायचं आणि लगेच पूर्ण अपग्रेड.

आणि संदेशात किल्ली नाही असं नसून तिची मुदत संपली असं असेल, तर बहुधा नवी किल्ली शोधावी लागत नाही. मुदत वाढवलेली त्याच किल्लीची ताजी प्रत मूळ ठिकाणाहून आणायची आणि फिंगरप्रिंट पुन्हा जुळवायचा.